स्पोकन इंग्लिशचा क्लास काढायचाय? आधी मिनिटांचा हिशोब करा

"सर, कमी भांडवलात काय सुरू करू?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास हे त्याचं एक चांगलं उत्तर आहे. एक खोली, एक फळा आणि खिशातला मोबाईल, एवढ्यावर सुरुवात होते. पण हा धंदा जितक्या सहज सुरू होतो, तितक्याच सहज बंदही पडतो. कसा, ते मी स्वतः अनुभवलंय.

माझ्या पहिल्या बॅचला २० जण होते. मोबाईल शॉपीवाला, ब्युटी पार्लरवाल्या ताई, आयटीआयची मुलं, दोन गृहिणी. मी जोरात शिकवलं. बाराही काळ फळ्यावर, तक्ते वहीत. चौथ्या आठवड्यात समोर ६ जण उरले. सोडून गेलेला मोबाईल शॉपीवाला बाजारात भेटला. म्हणाला, "सर, वही भरली हो, पण काल कंपनीच्या माणसाचा इंग्रजीत फोन आला आणि तोंडातून शब्द फुटेना." त्यानं फी परत मागितली नाही. मागितली असती तर मला कमी लागलं असतं.

मिनिटांचा हिशोब

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. तास ६० मिनिटांचा. त्यात मीच बोलायचो ४० मिनिटं. उरली २०. माणसं २०. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १ मिनिट! महिन्याचे २४ तास धरले, तर महिन्याच्या फीमध्ये त्याला बोलायला मिळाली फक्त २४ मिनिटं. पोहायला शिकवतो म्हणून सांगायचं आणि काठावर बसवून ठेवायचं, असलाच हा प्रकार.

मग वाटणी बदलली. १५ मिनिटं मी, ४० मिनिटं जोड्यांमध्ये सराव, शेवटची ५ मिनिटं चुकांना. जोडीत प्रत्येकाला साधारण २० मिनिटं बोलायला मिळतात. महिन्याला ४८० मिनिटं, म्हणजे ८ तास. खोली तीच, भाडं तेच. विकायचा माल मात्र २० पट झाला!

जोडीत बोलायला लावायचं कसं?

"बोला आता" म्हटलं की कुणी बोलत नाही. बोलायची गरज तयार करावी लागते. एसटीच्या वेळापत्रकाच्या दोन प्रती काढा. एकीत नाशिकची वेळ खोडा, दुसरीत पुण्याची. आता "व्हॉट टाइम डझ द नाशिक बस लीव्ह?" असं विचारल्याशिवाय कागद पूर्णच होत नाही. हेच हॉटेलच्या मेन्यूचं, दुकानाच्या बिलाचं. पुढे प्रत्येकाच्या धंद्यातला प्रसंग घ्या. पार्लरवाल्या ताईंना गिऱ्हाईक आणि अपॉइंटमेंट, शॉपीवाल्याला वॉरंटीची तक्रार.

अगदी लाजणारी माणसं असतील तर पहिला आठवडा बोलायची सक्ती नको. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली. शिक्षक आज्ञा देतो आणि शिकणारा ती कृती करतो. "ओपन द डोअर", "गिव्ह मी द पेन". आधी कान तयार होतो, भीती जाते, मग तोंड उघडतं.

मराठी माणूस कुठे अडतो?

पुस्तकाच्या क्रमानं जाऊ नका, अडचणीच्या क्रमानं जा.

- मराठीत "मी गेलो नाही" म्हणताना "गेलो" तसाच राहतो. म्हणून इंग्रजीत "आय डिडन्ट वेंट" येतं. हवं "डिडन्ट गो".
- प्रश्न विचारताना "व्हेअर यू आर गोइंग?" होतं. "आर" आधी आणायची सवय लावा.
- "अ", "ॲन", "द" सारखं मराठीत काही नाही, म्हणून ते गळतात.
- "शिप" आणि "शीप" एकसारखेच ऐकू येतात. दोन वस्तूंची चित्रं दाखवून कानाचा सराव घ्या.

एक नियम पाळा. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. चुका वहीत टिपा आणि शेवटी फळ्यावर लिहा, कुणाचंही नाव न घेता. चारचौघांत हसं झालेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची फीही जाते.

मोबाईल कामाला लावा

१. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट. रोज रात्री ४५ सेकंद, आज काय केलं ते इंग्रजीत. ग्रुपवर नाही, फक्त तुम्हाला. पहिल्या दिवसाची नोट जपून ठेवा. तिसाव्या दिवशी दोन्ही ऐकवा. प्रगती सांगावी लागत नाही, कानाला कळते. बघा, माझ्या शिकणाऱ्यांपैकी निम्मे तरी स्वतःची नोट ऐकून भावाला, मैत्रिणीला घेऊन आले.

२. व्हॉइस टायपिंग. कीबोर्डची भाषा इंग्रजी करून बोलायचं आणि काय उमटतं ते बघायचं. फोन अंदाजानंही लिहितो, त्यामुळे त्याला परीक्षक नाही, आरसा समजा.

३. यूट्यूबचा वेग ०.७५. एक मिनिटाचा तुकडा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच चालीत म्हणायचं.

४. शब्दांचे डबे. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली ही युक्ती. मिठाईचे तीन रिकामे खोके घ्या. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्यानं बघायच्या. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकला तर परत पहिल्यात.

आता पैशाचं बोलू

उदाहरण म्हणून आकडे धरू, तुम्ही तुमच्या गावचे घाला. १२ जणांची बॅच, फी ८०० रुपये, जमा ९,६००. खोली ३,००० आणि झेरॉक्स, वीज, नेट १,०००. हातात ५,६००. आता त्यातले ६ जण गळाले तर जमा ४,८०० आणि खर्च तोच ४,०००. हातात ८०० रुपये! म्हणजे या धंद्यात नवीन माणूस आणण्यापेक्षा आलेला टिकवणं जास्त महत्त्वाचं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, ती करून घ्या.

आणि "३० दिवसांत फाडफाड इंग्रजी" असा बोर्ड लावू नका. "एका महिन्यात गिऱ्हाईकाशी ५ मिनिटं इंग्रजीत बोलाल" असं सांगा आणि ते करून दाखवा. तुमचं स्वतःचं इंग्रजी बेताचं असेल तर फक्त नवशिक्यांची बॅच घ्या आणि तसं स्पष्ट सांगा. खोटं फार दिवस टिकत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या किंवा ओळखीच्या चार जणांना घेऊन एक तासाचा फुकट क्लास घ्या. मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग घड्याळ लावून मोजा, तुम्ही किती मिनिटं बोललात? २० च्या वर असाल तर बोर्ड रंगवायला अजून देऊ नका. आधी गप्प बसायला शिका.