पित्ताच्या गोळ्यांची दोन पाकिटं

चि. सोनू,


परवा मुक्कामाला आलास तेव्हा पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर तू झोपेत करकरा दात खात होतास. सकाळी तुझ्या बॅगेतून पित्ताच्या गोळ्यांची दोन पाकिटं पडली. म्हणालास, "काही नाही गं मावशी, जरा टेन्शन." चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला 'जरा' सांगतोस होय?

मागे कुत्रं लागलं की काय होतं ते आठव. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. यकृत रक्तात साखर ओततं, छाती धडधडते, रक्त पायांकडे वळतं, पचन मागे पडतं. आपण पळतो, कुत्रं कंटाळतं, थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. तुझं कुत्रं म्हणजे राज्यसेवेची पूर्वपरीक्षा, आणि तू अभ्यासिकेच्या खुर्चीत बारा तास. पळायची सगळी तयारी रोज होते, पळत कुणीच नाही.

याच ताणाबद्दल हान्स सेली या संशोधकाने १९३६ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो की अतिश्रम, आत खुणा त्याच सापडायच्या. त्याच ग्रंथी सुजलेल्या आणि जठरात व्रण. मग अल्सरचं खापर बरीच वर्षं काळजीवर आणि तिखटावर फोडलं गेलं. आम्ही नर्सेसही पेशंटला तेच सांगायचो. पुढे मार्शल आणि वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक वेळा त्यामागे एक जिवाणू असतो. २००५ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. म्हणून आधी डॉक्टरला दाखव. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तपासून घे. टेन्शन या शब्दाखाली पुष्कळ आजार लपून बसतात. आणि दुकानातून मनानेच गोळ्या आणणं बंद.

माझंच सांगते. सलग रात्रपाळ्या चालू होत्या, बदली माणूस मागितला तर मिळत नव्हता. एका शिकाऊ मुलीला बीपी घ्यायला शिकवत होते, पट्टा माझ्याच दंडाला. तिने १६० वर १०० सांगितलं. मी तिलाच रागावले, नीट ऐक म्हणून. तिने पुन्हा घेतलं, तेवढंच. मला कसलाच त्रास जाणवत नव्हता! दुसऱ्यांचे बीपी लिहिण्यात जन्म गेला आणि स्वतःचं एका पोरीकडून कळलं.

तेव्हा, रोज संध्याकाळी अभ्यासिकेतून उठून पर्वती चढ. सदाशिव पेठेतून लांब नाही, आणि पायऱ्या १०३ आहेत. मोबाईल खोलीवर ठेव. वर मुलं चालू घडामोडींवर चर्चा करत बसलेली असतील, त्यांच्यात बसू नकोस. नुसता घाम येऊ दे. त्या पळण्याच्या तयारीला तेवढीच वाट मिळते. खाली येताना श्वास घेतोस त्याहून सावकाश सोड, धडधड उतरते.

चहाचं मात्र तुला पटणार नाही. रात्री नऊला टपरीवर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन एक-दोन वाजता रक्तात असतं. झोप नाही म्हणून चहा, चहा म्हणून झोप नाही. चारनंतरचे चहा सोड. मेसची भाजी कितीही पाणचट असो, जेवण वेळेवर घे. पुस्तक उशाशी घेऊन झोपायचं नाही.

कधी रात्री फारच दाटून आलं आणि कुणाशी बोलावंसं वाटलं, तर मला उठव. मला सांगणं जड वाटलं तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास. त्यात कमीपणा कसला?

सोबत मेतकूट आणि तुपाची बरणी पाठवते आहे. गोळ्यांचं तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. रिपोर्ट आले की फोटो मला पाठव. पंधरा दिवसांत आले नाहीत तर सांगेन.

तुझी,
मावशी