सायलेन्सरमधलं पाणी

कोल्हापूर

चि. बाळ यास,


काल फोनवर तू घाईत होतास, मागे गॅरेजचा गोंगाट होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. ताई उद्याच्या एसटीने तुझ्याकडे पुण्याला येतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय. सीएनजीवरची टॅक्सी आलीय, सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी गळतं, बाटलीतलं कूलंटही थोडं उतरलंय, तेव्हा सोमवारी हेड उतरवतो, असं तू म्हणालास. उतरवू नकोस. आधी इंजिन खरंच पाणी खातंय का ते बघ.

सायलेन्सरमधून पाणी येतं ते बहुतेक वेळा जळलेल्या इंधनाचंच असतं. इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जळला की पाणी होतं. 1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 1 लिटर पाणी तयार होतं. एक किलो सीएनजीमागे तर दोन किलोहून जास्त. एरवी ते वाफ होऊन निघून जातं, म्हणून दिसत नाही. पण डिसेंबरातल्या पहाटे सायलेन्सर थंडगार असतो, वाफ आत पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होऊन ठिबकतं. सीएनजीच्या गाडीत ते जास्त दिसणारच. सायलेन्सरच्या डब्याला खालून बारीक भोक ठेवलेलं असतं, तेही याच पाण्यासाठी. गळतंय म्हणून कोणी ते बुजवायला सांगितलं तर बुजवू नकोस, पाणी आत साचून डबा गंजतो.

गाडी वीस मिनिटं पळवून आण आणि मग बघ. साधं पाणी असेल तर तोवर थांबलेलं असतं. सायलेन्सर तापल्यावरही दाट पांढरी वाफ निघत राहिली, रेस दिल्यावर वाढली आणि तिला गोडसर वास असला, तर मग संशय घे. वास हवेतूनच घे. कूलंट बोटावर घेऊन चाखणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि मरतात. खाली सांडलं तर लगेच पाणी मारून धुऊन काढ.

आता माझी एक गोष्ट सांगतो, ती मला अजून टोचते. नुकताच स्वतःच्या हाताने कामं घ्यायला लागलो होतो. वडापची एक डिझेल जीप आली. सकाळी पांढरा धूर, रोज लिटरभर पाणी कमी. मी लगेच हेड उतरवलं. गॅस्केट चांगलं होतं, हेडही सरळ होतं. नवं गॅस्केट टाकून बसवलं, पैसे घेतले. चार दिवसांनी जीप परत आली, पाणी तसंच कमी. मग एकदाचा पंख्यामागे बॅटरी धरून पाहिलं, तर वॉटर बॉडीच्या, म्हणजे वॉटर पंपाच्या, खालच्या भोकापासून ब्लॉकवर हिरवट पांढरा ओघळ वाळलेला. आतलं सील गेलं होतं. इंजिन तापून दाब आला की थेंब यायचा आणि गरम लोखंडावर जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच वाळायचा. पांढरा धूर होता तो थंड इंजिनातल्या न जळलेल्या डिझेलचा. तो डोळ्यांना झोंबतो, वाफ झोंबत नाही, एवढंही मी पाहिलं नव्हतं. त्या माणसाचं पोट त्या जीपवर होतं, आणि चार दिवसांचा धंदा माझ्यामुळे बुडाला. गॅस्केटचे पैसे मी परत केले, दिवस कुठून देणार?

म्हणून आधी बाहेरून बघ. गळती लपली तरी रंगीत खरवड मागे ठेवते. होजच्या क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते ती कड, वॉटर बॉडी. ड्रायव्हरशेजारचं मॅटिंग उचलून हात लाव. ओलं, चिकट लागलं आणि काच आतून धुरकटत असेल तर हीटरची जाळी गेलीय. गाडीखाली साधं स्वच्छ पाणी दिसलं तर ते एसीचं, त्यामागे लागू नकोस. रेडिएटरचं झाकण हातात घेऊन त्याचं रबर बघ. झाकणावर 0.9 किंवा 1.1 लिहिलेलं असतं, तो त्याचा दाब. रबर कडक झालं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि खंबाटकी घाट चढताना बाटलीतून बाहेर जातं. अशा एका झाकणापायी हेड उतरवलेली इंजिनं मी पाहिलीत. मात्र झाकण गार इंजिनावरच काढायचं. गिऱ्हाईक कितीही घाई करो, तापलेल्या रेडिएटरला हात लावायचा नाही. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तू लहानपणापासून बघतोयस.

बाहेर काहीच सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लाव. थंड इंजिनावर, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा मार आणि पंधरा मिनिटं काटा बघत बस. काटा उतरला आणि बाहेर थेंब नाही, तर प्लग काढ. तीन प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्याच सिलिंडरमध्ये पाणी जातंय. प्लग काढलेले असतानाच स्टार्टर फिरव, साचलेलं पाणी भोकातून उडेल. न बघता सुरू केलंस तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरी खूण होजची. रात्रभर गार झालेल्या गाडीचं झाकण उघडून पुन्हा लाव, इंजिन सुरू कर आणि एक-दोन मिनिटांत वरचा होज मुठीत दाब. पाणी कोमटही नसताना होज टणक लागला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट आहेच, गॅस लागला की द्रव पिवळा होतो.

ऑइलच्या झाकणाखालची दुधाळ साय बघून घाबरू नकोस. थोडं-थोडं चालणाऱ्या गाडीत थंडी-पावसात ती धरतेच. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तरच ऑइलमध्ये खरंच पाणी गेलंय. डिझेलच्या गाडीत ऑइल स्वच्छ आणि तरी पाणी जातंय असं दिसलं तर ईजीआर कूलर तपास. तो आतून फुटला की पाणी सरळ धुरात जातं.

आणि एवढं करून हेड काढावंच लागलं, तर पट्टी आणि फीलर गेज लावल्याशिवाय परत चढवू नकोस. कित्येक छोट्या इंजिनांना 0.05 मिलिमीटरच्या पुढचा बाक चालत नाही. तुझ्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलात बघ. बोल्ट मधून बाहेर, टॉर्क रेंचनेच. बोअरचं पाणी भरू नकोस, क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

आज टॅक्सीवाल्याला सांग, की गार इंजिन तपासायचंय, तेव्हा उद्या सकाळी गाडी सुरू न करता टोचन करून आणायची. बाटलीवर मार्करने खूण कर, तारीख टाक. तीन दिवस चालवायला दे आणि खूण किती बोटं उतरली ते मला फोन करून कळव. रात्री नऊनंतर कर, तेव्हा मी घरी असतो.

तुझा मामा