प्रमाणपत्राची पारख : कागदाकडून नोंदीकडे

शिक्षण पुरे केल्याची आणि काम केल्याची लेखी साक्ष म्हणजे प्रमाणपत्र. नोकरी असो वा उच्च शिक्षण, उमेदवारास ही साक्ष द्यावीच लागते. बनावट प्रमाणपत्राच्या बळावर जागा पटकावणारा इसम मालकास तर फसवतोच; शिवाय कष्टाने शिकलेल्या कोणा प्रामाणिक उमेदवाराचा घासही हिरावून घेतो. उलट, पडताळणीस महिनोन्‌महिने लागले, तर खरे प्रमाणपत्र बाळगणाऱ्याचीही संधी हुकते. म्हणून पडताळणी अचूक हवी, तशीच ती त्वरितही हवी.

साक्षांकनाची मर्यादा

पूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रतीवर 'खरी प्रत' असा शिक्का घेण्याचा प्रघात होता. त्या शिक्क्याने प्रत मुळाबरहुकूम आहे एवढेच सिद्ध होई. मूळ कागद अस्सल आहे की नाही, हा प्रश्न तसाच उरे. त्याचे उत्तर प्रमाणपत्र देणाऱ्या विद्यापीठाच्या वा मंडळाच्या दप्तरातच असते. ते दप्तर दूरवरूनही पाहता यावे, हा अंकीय पडताळणीचा गाभा होय.

ठेव आणि कायदा

केंद्र शासनाने २०१५ मध्ये 'डिजिलॉकर' ही सेवा सुरू केली. शैक्षणिक दस्तऐवजांच्या राष्ट्रीय ठेवीस, म्हणजे 'नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी'स, केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली आणि २०२० पासून तीही डिजिलॉकरवरच आणली गेली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील नियमांत २०१७ साली झालेल्या सुधारणेने, अशा रीतीने संस्थेने दिलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा ठरला.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. संस्थेने आपल्या दप्तरातून दिलेला दस्तऐवज वेगळा आणि धारकाने स्वतः छायाचित्र काढून त्याच ठिकाणी ठेवलेली प्रत वेगळी. दुसरीस असा दर्जा नाही. मोबाईलच्या पडद्यावर प्रमाणपत्र दिसले, एवढ्यावर कोणी समाधान मानू नये.

अंकीय स्वाक्षरीचे कार्य

अंकीय स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. संगणक प्रथम संपूर्ण मजकुराचा एक लहानसा गणिती ठसा काढतो. देणारी संस्था केवळ आपल्यापाशी असलेल्या गुप्त किल्लीने त्यावर स्वाक्षरी करते. पडताळणारा संस्थेच्या जाहीर किल्लीने ती तपासतो. कोणी ४८ गुणांचे ८४ केले, तर ठसा जुळत नाही आणि फेरफार उघड होतो. मात्र हे तंत्र लेखणीची चूक सुधारत नाही. नोंदच चुकीची झाली असेल, तर चुकीवरही तितकीच पक्की मोहोर उमटते. तसेच, प्रमाणपत्र दाखवणारा माणूस तोच आहे काय, हे वेगळे तपासावे लागते.

कामाचा दाखला

अनुभवाच्या दाखल्याबाबत अडचण अधिक आहे. कारखाना बंद पडला, तर विचारावे कोणास? भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदास २०१४ पासून एकच कायम क्रमांक मिळू लागला. निधीच्या नोंदीत मालकाचे नाव आणि नोकरीचा काळ आढळतो. कामाचे कौशल्य मात्र त्यातून कळत नाही. शिवाय ज्या कामगारांना हा निधी लागू नाही, त्यांना अन्य पुराव्यावरच विसंबावे लागते.

आपले कर्तव्य

विद्यार्थ्यांनी व पालकांनी नाव, जन्मतारीख आणि गुण यांची नोंद वेळीच तपासावी व चूक आढळताच संस्थेकडे लेखी अर्ज करावा. नोकरीच्या ऐन मुलाखतीआधी ही धावपळ करण्यात हशील नाही. अंकीय नोंद मिळाली म्हणून मूळ कागदही टाकून देऊ नये. संस्थांनी जुनी दप्तरे क्रमाने अंकीय करावीत आणि तोवर, जुन्या पदवीधराची नोंद संगणकावर सापडली नाही एवढ्याच कारणाने त्यास खोटे ठरवू नये. नोंद न सापडणे हा चौकशीचा आरंभ आहे, निकाल नव्हे.