अ‍ॅव्हरेजचं बक्षीस

२०१७ साली माझे सहा ट्रक होते. सांगलीहून साखर भरून न्हावाशेव्याला जायचं, येताना मिळेल ते भाडं. डिझेलच्या खर्चाने मेटाकुटीला आलो, तेव्हा मी ठरवलं: जो ड्रायव्हर जास्त अ‍ॅव्हरेज काढेल, त्याला वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे.

तीन महिन्यांत अ‍ॅव्हरेज वाढलं. कसं वाढलं, हे मी कधी विचारलं नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. तिथे आमची गाडी न्यूट्रलमध्ये सुटली. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला ओढून धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात. त्यात कुणी इंजिनही बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकची हवा उतरत जाते, स्टिअरिंग जड होतं. पुढची रिक्षा चुकवायला ड्रायव्हरने गाडी कठड्यावर घातली. रिक्षा वाचली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

दवाखान्यात तो म्हणाला, "शेठ, पोरीची फी निघत होती त्यात."

नंतर कामाच्या तासांची वही मागितली गेली. ती कोरी होती. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास मोकळे, असं स्पष्ट होतं. माझा माणूस आदल्या रात्री तीन तास झोपला होता. गाडी वेळेत पोचवायचा तगादा माझाच होता.

गाडीमालकांनो, डिझेलवर बक्षीस लावू नका; पगारच पुरेसा द्या. वही रोज भरा, आणि ड्रायव्हरला विचारून भरा, अंदाजाने नको. लायनर आणि हवेची गळती गाडी भरण्याआधी बघा, भरल्यावर कुणी बघत नाही. ड्रायव्हर भावांनो, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि डोळा लागतोय वाटलं की मालकाला न विचारता थांबा.

आता माझी गाडी रात्री खेड-शिवापूरला थांबते. माल उशिरा येईल, हा फोन पार्टीला मीच करतो.