नवल दूर नाही

ईजिप्तचे पिरॅमिड कोणी बांधले, चीनची भिंत किती लांब, हे आपली मुले सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत चटकन सांगतात. परंतु लोकल अथवा बसने गाठता येतील अशा ठिकाणीही तितकीच नवले आहेत. त्यांतील चार येथे देत आहे.

१. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा काळ्या बेसॉल्टचा सुमारे ६१ मीटर उंचीचा कडा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्याचे असे उभे स्तंभ बनले. अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर येथे असेच पाषाणस्तंभ पाहण्यास पर्यटक दुरून येतात. आपल्याकडील टेकडी मात्र इमारतींच्या गर्दीत झाकली गेली आहे.

२. नालासोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेला जात. आपण संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे अशोक या लेखात सांगतो. शालेय सहलीसाठी याहून जुना आदर्श शोधण्याची गरज नाही!

३. बोरिवलीच्या कान्हेरी येथील ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ व १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी त्यांत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

४. कान्हेरीचेच चौथे नवल पाण्याचे आहे. येथे शंभराहून अधिक लेणी असून खडकात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी टाक्यांत उतरते. ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. एका लेखात अशी पोढी दान देणारा आहे कल्याणचा सामिदत नावाचा सोनार. राजा नव्हे, कारागीर! भिक्खूसंघाच्या तहानेची काळजी वाहणे हा त्याचा देयधर्म, म्हणजे धर्मदान, होते.

या नोंदीपुढे दुसरी नोंद ठेवली पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला; तरीही पाणी ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावरील खटल्याचा उच्च न्यायालयातील निकाल आपल्या बाजूने लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. ज्या प्रदेशात सोनाराने खडक फोडून पाण्याचे दान दिले, त्याच प्रदेशात माणसाला तळ्याच्या घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टात लढावे लागले. इतिहासातील खरे नवल हे आहे.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती की, येत्या पावसाळ्यात मुलांना कान्हेरीस न्यावे. भरलेली पोढी दाखवावी, तिच्यात पाणी कसे येते ते त्यांनाच शोधू द्यावे आणि मग महाडची हकीकत सांगावी. ‘कोणते?’ आणि ‘किती?’ यांच्या पुढे जाऊन ‘असे का?’ हा प्रश्न मूल विचारू लागले, म्हणजे त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.