कणकुंबीच्या रानातील शेकरू

कणकुंबी म्हटले की आपणा सर्वांना प्रथम आठवते ते श्रीमाउलीचे देवालय आणि मलप्रभेचा उगम. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्या रस्त्यावर हे गाव वसले आहे. येथे पाऊस उदंड. त्या पावसावरच सह्याद्रीचे हे दाट, हिरवे रान पोसले गेले. या स्मरणिकेत माणसांच्या कार्याचा वृत्तान्त येईलच. त्याच्या जोडीला या रानातील एका जुन्या रहिवाशाची ओळख मुलाबाळांसह सर्वांना व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

कूळ आणि रूप

शेकरू हे खारीच्या कुळातील. उंदीर, घूस, साळिंदर यांच्याप्रमाणे तेही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडते. या वर्गाची खूण म्हणजे पुढचे पटाशीचे दात. ते जन्मभर वाढत राहतात व कुरतडण्याने झिजत राहतात. आपल्या रानात साळिंदर शेकराहून कितीतरी वजनदार असते; पण झाडावर राहणाऱ्या खारींत शेकराएवढी मोठी खार येथे दुसरी नाही. अंगणातली पट्ट्यांची खार जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते, तर शेकरू दीड ते दोन किलोचे असते. नाकापासून पुच्छमूलापर्यंत ते जेमतेम हातभर भरते, आणि झुपकेदार शेपटी शरीराइतकीच किंवा त्याहून अधिक लांब असते. पाठ तांबूस-तपकिरी, पोट व पुढचे पाय फिकट पिवळसर, कान लहान व गोल. दक्षिणेकडील रानांत याच जातीच्या अंगावर काळा रंग अधिक दिसतो. शास्त्रज्ञ या जातीला ‘रातुफा इंडिका’ म्हणतात. एर्क्सलेबेन यांनी १७७७ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले.

कित्येक मंडळी शेकरू आणि उडती खार एकच समजतात. तसे नाही. उडती खार रात्री हिंडते व अंगाच्या पडद्यावर तरंगत जाते. शेकराला असा पडदा नाही. ते दिवसा हिंडते आणि उडी मारते. ती उडी मात्र पाहावी अशी! सुमारे सहा मीटर, म्हणजे वीस फुटांचे अंतर ते एका झेपेत ओलांडते.

दिनक्रम आणि आहार

शेकराचे बहुतेक सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. सकाळी व दुपार कलल्यावर ते चरते. उन्हाच्या वेळी फांदीवर अंग पसरून विसावा घेते. शेकरू बहुधा एकटेच राहते. धोका दिसला की मोठ्याने खडखडाट केल्यासारखे ओरडते, नाही तर बुंध्याला चिकटून निश्चल होते. बिबट्या आणि मोठे गरुड हे त्याचे शत्रू.

फळे, बिया, फुले, कोवळी पाने, साल हा त्याचा मुख्य आहार. किडे व पक्ष्यांची अंडीही ते कधी खाते. आंबा, जांभूळ, फणस, उंबर, अंजनी अशा झाडांवर ते रमते. खाताना ते मागच्या पायांनी फांदी घट्ट धरते. एका बाजूला शरीर लोंबते, दुसऱ्या बाजूला शेपटी, आणि तराजूची दोन पारडी साधावीत तसा तोल साधला जातो. पुढचे दोन्ही पाय फळ धरायला मोकळे राहतात. बिया ते दातांनी फोडून खाते, त्यामुळे प्रत्येक बी रुजते असे नव्हे. परंतु त्याच्या हातून निसटलेली फळे खाली पडतात व भूचर प्राण्यांना मिळतात. वरच्या मजल्यावरची मेजवानी अशी खालच्या मजल्यापर्यंत पोचते.

घरटी

काटक्या व पानांचे मोठे गोल घरटे शेकरू उंच झाडाच्या दाट पर्णभारात बांधते, आणि तेही बारीक फांद्यांवर, जेथे जड शत्रूचा भार पेलणार नाही. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात. काही झोपण्यासाठी, एखादे पिलांसाठी. वेतात बहुधा एक-दोन पिले होतात. संतती थोडी असल्याने एकदा घटलेली संख्या चटकन भरून येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तुटलेली वाट

शेकराचा रस्ता म्हणजे फांदीला भिडलेली फांदी. वीस फुटांपलीकडची मोकळी जागा आपल्याला काहीच वाटत नाही. शेकराच्या दृष्टीने तो पूर आलेला ओढा आहे. रानातील एखादे झाड पडले तर ते वळसा घालून जाईल. परंतु रस्ता, कालवा किंवा तारांसाठी झाडांची सबंध रांग उतरविली, की अलीकडचे शेकरू अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे राहते. फळे पिकतील एका बाजूला आणि भुकेले शेकरू असेल दुसऱ्या बाजूला. रान नकाशात तेवढेच दिसेल. शेकरासाठी मात्र त्याचे तुकडे झालेले असतील.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकराच्या शिकारीस बंदी आहे. महाराष्ट्राने त्याला राज्यप्राण्याचा मान दिला असून, भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले ते प्रामुख्याने त्याच्याकरिता. गोव्याच्या बाजूस म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये, तर आपल्याच खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झाले. पण अभयारण्याच्या हद्दी शेकराला ठाऊक नाहीत. दोन रानांमधली देवराई, शेताच्या बांधावरचा जुना आंबा, देवळामागची जांभळी, हेच त्याचे पूल. तमिळनाडूत वालपराई येथे सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून झाडांना जोडणारे झुलते पूल बांधावे लागले. आपले पूल अजून निसर्गानेच बांधलेले आहेत; ते मोडू नयेत एवढेच आपल्याला करावयाचे आहे.

आपले कर्तव्य

सुपारी-नारळाच्या बागेत शेकरू कधी नुकसान करते, हे खरे. ज्याचे पीक जाते त्याचा राग आम्ही समजू शकतो. तथापि रानात फळझाडे राहिली, तर बागेवरचा भार हलका होईल. म्हणून झाड तोडण्यापूर्वी मान वर करून दोन गोष्टी पाहाव्यात : त्यावर घरटे आहे काय, आणि ते दोन झाडांना जोडणारे आहे काय. नवी लागवड करताना एकाच परक्या जातीची रांग न लावता आंबा, फणस, जांभूळ, उंबर अशी मिश्र झाडे लावावीत. मुलांनी दगड न मारता लांबून पाहावे, घरटी मोजावीत, कोणते शेकरू कोणत्या महिन्यात काय खाते ते वहीत टिपावे. अशी वही दहा वर्षे चालली, तर आपल्या गावाजवळ एक मोलाचा दस्तऐवज होईल.

आपल्या वाडवडिलांनी देवाच्या नावाने रान राखले. त्यांच्यामागून आलेल्या आपण त्यात थोडी शास्त्राची जाण मिळवून ते पुढच्या पिढीच्या हाती अखंड द्यावे, हीच या शुभप्रसंगी आमची विनंती.