जीपची चासी रंगवताना शिकलेले सात धडे

आमचं घर देवासचं, आजोळ धारचं. दोन्हीकडे पवारांची राज्यं होती, त्यामुळे घरात मराठी आणि फाटकाबाहेर माळवी हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. वडिलांची महिंद्रा जीपही याच दोन गावांमध्ये धावून म्हातारी झाली. तिची चासी मी दोनदा रंगवली. पहिल्यांदा पैसे वाया गेले. दुसऱ्यांदा काय केलं, ते सांगतो.

१. आधी टोचून बघा, मग रंगाच्या दुकानात जा.
वरून चासी काळीभोर, एकदम ठीक दिसत होती. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं, तर ते आत गेलं आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा लोखंडाचा थर हातात आला. हातोडीने हळूहळू ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे वेल्डर बोलवायचा. रंगाने भोक बुजत नाही.

२. काळ्या मातीला कमी लेखू नका.
समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मग गंज कुठून येणार, असं मला वाटायचं. पण माळव्याची काळी माती चासीच्या खाचांत बसते, वरून वाळते आणि आतून ओलीच राहते. पाणी निघायची भोकंही तीच बुजवते. तारेने सगळी भोकं मोकळी करा, जोरात पाणी मारून धुवा आणि गाडी दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या.

३. गंजावर डांबरी थर चढवू नका.
माझी पहिली चूक हीच. एका गॅरेजवाल्याने ‘दहा साल देखना नहीं पड़ेगा’ म्हणत जाड काळं अंडरकोटिंग थापलं, मीही खूश झालो. तिसऱ्या वर्षी एक कोपरा नखाने उचलला, तर हातभर पट्टी निघून आली. खाली ओला तपकिरी भुगा. असा थर जुना झाला की कडक होतो, तडकतो. फटीतून पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडून राहतं.

४. जेवढी सफाई जमेल, त्यावरून रंग ठरवा.
झिंकचा प्रायमर उत्तम, कारण लोखंडाच्या आधी जस्त झिजतं. पण जस्त उघड्या लोखंडाला भिडलं तरच त्याचा उपयोग, म्हणजे सँड ब्लास्टिंग आलंच. रेड ऑक्साइड स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मात्र ते नुसतं ठेवलं तर ओल आत झिरपते, वर इनॅमल हवंच. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर पातळ गंजावर चालतं, पोपड्यांवर नाही. मी अंगणात वायर ब्रशने घासणारा माणूस. म्हणून हाताने घासलेल्या लोखंडावर चालणारा इपॉक्सी प्रायमर निवडला. त्याचे दोन हात दिले आणि वरून काळा रंग.

५. दोन डब्यांचं माप अंदाजे घेऊ नका.
इपॉक्सीत हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घालायचा. मी उत्साहात सगळा रंग एकदम कालवला. तासाभरात डबा हाताला चटका देऊ लागला आणि ब्रश आत उभाच्या उभा रुतला. थोडा थोडा कालवा. थिनरही त्याच कंपनीचं घ्या. दुसऱ्या हाताला डब्यावरच्या मुदतीपेक्षा उशीर झाला, तर आधी पॉलिश पेपर मारा. आणि गाडीखाली झोपून काम असतं, तेव्हा वाफांचा मास्क आणि चष्मा विसरू नका.

६. हवा बघून काम काढा.
पावसाळ्यात तर नाहीच. मे महिन्यातल्या दुपारी लोखंड इतकं तापतं की रंग नीट पसरायच्या आत सुकतो. हिवाळ्यात पहाटे त्याच लोखंडावर दव असतं. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवं. आमच्याकडे दिवाळीनंतर, सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ सोयीची. बंद पेटीसारख्या भागांत ब्रश पोचत नाही, तिथे लांब नळीने मेणाचा फवारा मारा. चासी नंबरवर मात्र जाड रंग नको. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना तो स्पष्ट वाचता यावा लागतो. त्यावर नुसता ग्रीसचा हात पुरे.

७. धारच्या लाटेचा दाखला देऊ नका.
‘जुन्या लोखंडाला रंग कशाला? लाट बघा ना,’ असं आमचे मिस्त्री म्हणायचे. लाट म्हणजे राजा भोजाच्या काळातला मानला जाणारा लोखंडी खांब. १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीपाशी त्याचे तीन तुकडे आडवे पडलेले आहेत. जोडले तर लांबी १३ मीटरच्या आसपास, वजन ७ टनांच्या वर. मामांबरोबर जाऊन मी त्यावर हात फिरवून आलो. रंग नाही, पोपडेही नाहीत. पण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर आपोआप घट्ट थर धरतो. जीपच्या पोलादात ते नाही. तिचा तो थर आपल्यालाच लावावा लागतो, आणि राखावाही लागतो.

तेव्हा दरवर्षी पाऊस संपला की अर्धा तास गाडीखाली आडवे व्हा. पोपडा दिसेल तिथे तेवढाच खरवडा आणि तेवढाच रंगवा.